माझी पट्टी काळी दोन

फोनवर मला सगळे ‘दादा’ म्हणतात. गॅसवाला, कुरिअरवाला, बँकेतली पोरगी, सगळे. “दादा, सिलेंडर आणलाय, घरी हाय का कोण?” मी म्हणते, “दादा न्हाई, बाई बोलतीय. ये वर.” पलीकडनं हळूच, “सॉरी सर.” घ्या! आता अशा माणसाला काय म्हणायचं? पूर्वी मी फोन आपटायचे. चिडते अजूनही तेवढीच, पण आता फोन महाग झालेत.

आवाज माझा जन्मापासून जाड. शाळेत प्रार्थनेला बाई मला मागच्या रांगेत उभं करायच्या आणि डोळ्यांनी दटावायच्या. मला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं आईनं सांगून ठेवलं होतं, विचारतील तेवढंच बोल, तेही हळू. मी नाव सांगितलं तर मुलाची आत्या दचकली. पण मुलगा हसला. तेच आमचे हे. फौजेत होते, तोफखान्यात, आणि लग्नानंतर पंधरा दिवसांनी सीमेवर निघून गेले.

उंब्रजला सासऱ्यांची हमरस्त्याला लागून पिठाची गिरण होती. सासऱ्यांना दमा, पिठाचा धुरळा सोसेना. सासूबाई म्हणाल्या, “तू बघ गिरण.” बाई गिरण चालवते म्हटल्यावर पहिलं वर्षभर माणसं दळणापेक्षा मला बघायलाच जास्त आली. येईनात का! मी पट्टा चढवायला शिकले, मोटर खोलायला शिकले, दगडाला टाकी लावायला शिकले. दळून दळून दगड गुळगुळीत झाले की पीठ भरड पडतं. मग दगड उतरवून छिन्नीनं ठोकून पुन्हा खरबरीत करायचे, त्याला टाकी लावणं म्हणतात. दगड परत बसवले की ते नीट भिडलेत का हे डोळ्यांना दिसत नाही. कानाला कळतं. माझ्या कानाला कळायचं, आणि या बाबतीत रस्त्यावरच्या कुठल्याही गिरणीवाल्याशी मी पैज लावायला तयार होते.

मोटर सुरू झाली, पट्टा चढला की त्या गिरणीतून एक सूर निघायचा. जाड, भरीव, आणि बंद करेपर्यंत जराही न हलणारा. त्या सुरावर मी गायचे. आईच्या ओव्या, देवळात ऐकलेले अभंग, रेडिओवरचं काय काय. दळणाच्या आवाजात बाहेर कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून कुणी नावंही ठेवायचं नाही. पापण्यांपर्यंत पिठानं पांढरी झालेली मी, आणि छातीपासून मोठ्यांदा गाणं! मी इतकी सुखात दुसरीकडं कुठंच नव्हते, माहेरीसुद्धा नाही. हे मी आज उघड सांगते.

आमचे हे पेन्शनीत आले ते एक कान तोफांना देऊन आणि दुसरा अर्धा करून. डॉक्टर म्हणाले, बारीक, चिरके आवाज यांना यायचे नाहीत, जाड आवाज येतील. मी म्हटलं, बरं झालं, सुनेचं भांडण ऐकू यायचं नाही आणि माझं चुकायचं नाही.

मग रस्ता रुंद झाला आणि गिरण गेली. मोटर विकली. दगड अंगणात आहेत, सुनेनं त्यावर कुंड्या ठेवल्यात. मला वाटलं होतं, गिरण गेली तर काम गेलं, तेवढंच. पण एके दिवशी भाकरी थापताना ओवी म्हणायला लागले तर आवाजाला पाय टेकायला जागाच नाही. सुरू एकीकडं केलं, शेवट भलतीकडं. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. तीस वर्षं खाली जे धरून होतं ते निघून गेलं होतं. मी तवा उतरवला आणि रडले. पिठाच्या हातांनी डोळे पुसले, ते वेगळंच.

तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावरून देवळातल्या भजनी मंडळात गेले. तिथं पेटी आहे, मला वाटलं पेटीच्या आधारानं गाता येईल. पण मंडळाची पट्टी काळी चार. पेटीवरची चौथी काळी पट्टी धरून सगळ्या गातात, म्हणजे माझ्या डोक्याच्या वर दोन हात. मी ताणून ताणून गायचे, घसा फाटायचा. पेटीवालीला म्हटलं, जरा खाली घ्या की. ती म्हणाली, बायकांची पट्टी हीच असते.

कराडला भजनाची स्पर्धा होती. आदल्या दिवशी अध्यक्षीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “काकू, तुमी टाळ वाजवा. गायच्या येळेला नुसतं तोंड हलवा. आवाज काढू नका, बाकीच्यांचं बिघडतंय.” बाकीच्या आपापल्या पदराचे काठ बघत बसल्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगू? मी गेले. हिरवी साडी नेसून, गजरा माळून, स्टेजवर उभी राहून मी तोंड हलवलं. आमचे हे समोर दुसऱ्या रांगेत बसले होते. आम्हांला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. फोटोत मी चांगली तोंड उघडून उभी आहे, बघणाऱ्याला वाटावं काय गातीय! त्या बायकांचा राग महिन्याभरात गेला. माझा मला आलेला राग मात्र काही केल्या जाईना.

महिनाभर मी मंडळात गेले नाही. मग एका सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं, “मला तंबोरा घ्यायचाय. माझ्या पट्टीचा.”

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, “आई, मोबाइलवर फुकट मिळतो.” सुनेनं बिचारीनं लगेच लावूनही दिला. तसा तो सूर होता, नाही म्हणत नाही. पण माझ्या पट्टीला आणला तर त्या इवल्याशा फोनमधून कानाशी डास घोंगावावा तसा आवाज. मी म्हटलं, डास घरात आहेत तेवढे पुरे.

“मिरजेला जाऊ,” हे म्हणाले. तंबोरे, सतारी मिरजेत होतात हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मिरज म्हटलं की आमच्याकडं दुसरंच काही आधी आठवतं. कराडला बस बदलली तर शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, “कुठं निघाला?” मी म्हटलं, “मिरजेला.” तिचा चेहराच उतरला. “आगं बाई! कुणाला ॲडमिट केलंय?” मी म्हटलं, “कुणाला न्हाई.” तिनं ह्यांच्याकडं बघितलं, मान हलवली आणि खाऊच्या पिशवीतलं एक केळं ह्यांच्या हातात ठेवलं. “खावा काका. तिथलं डॉक्टर लय चांगलं हायती. हुतंय बरं.” ह्यांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी केळं खाल्लं.

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण लग्नकार्य आणि दवाखाना सोडून आम्ही दोघंच असे कुठं गेलोच नव्हतो. मला खिडकी दिली. उसाच्या ट्रॉल्या मागं टाकत बस निघाली आणि मला उगीचच नवी नवरी झाल्यासारखं वाटायला लागलं. साठीला! हसा खुशाल.

मिरजेत ती गल्ली शोधावी लागत नाही. दुकानांच्या दारात भोपळे टांगलेले असतात, एवढाले, वाळलेले, पोटात माणसाचं मूल मावेल असे. तंबोऱ्याचं पोट म्हणजे तोच भोपळा. एका दुकानात शिरलो. मालक तरुण, चष्मा लावलेला, हसतमुख. मी बोलले, त्यानं ह्यांच्याकडं बघून उत्तर दिलं. “काकांना कसला दाखवू?” हे म्हणाले, “व्हय, कराडवरनं आलो.” मी म्हटलं, “काकांना ऐकू येत न्हाई. आणि घ्यायचा मला हाय. माझ्याकडं बघून बोल.”

“मग मावशी, तुमाला लेडीज तानपुरा दाखवतो.” त्यानं एक सुबक, नक्षीदार तंबोरा काढला. चांगला देखणा होता. त्यानं तारा छेडल्या, आणि तीच काळी चार. “लावा आवाज,” म्हणाला. मी लावला आणि आवाज चिरकला. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “रियाज केला की चढतो हळूहळू.”

“चढवायचा न्हाईच मला,” मी म्हटलं. “तंबोरा खाली उतरव.”

“मावशी, एवढं खाली घेतलं तर तारा ढिल्या पडतात. मग जवारी काढायला लागंल.”

ह्यांनी नेमका तेवढाच शब्द पकडला. “जवारी? आमची काढून, मळून, पोत्यात भरून झाली. यंदा शाळू झ्याक आलाय.”

 खरं सांगायचं तर मलाही तेच ऐकू आलं होतं. जन्मभर ज्वारी दळली, दुसरं काय ऐकू येणार? तेवढ्यात आतून खोखो हसणं आलं. दुकानाच्या मागच्या बाजूला एक म्हातारे कारागीर मांडी घालून बसले होते, मांडीवर तंबोरा आडवा, हातात कानस. “आक्का,” ते म्हणाले, “ही जवारी खायची न्हवं, ऐकायची.”

मी सरळ आत जाऊन त्यांच्यापुढं बसले. त्यांनी दाखवलं. तंबोऱ्याच्या पोटावर एक चपटी घोडी बसवलेली असते, तिच्यावरून तारा जातात. तार घोडीला जिथं टेकते ती जागा केसाएवढी इकडची तिकडं झाली तरी सूर मुका होतो. ती जागा घासून घासून अशी करायची की तार टेकलेलीही असेल आणि मोकळीही असेल, मग सूर उमलतो. याचं नाव जवारी काढणं.

“म्हंजे दगडाला टाकी लावत्यात तसं,” मी म्हटलं.

“कसल्या दगडाला?”

मग मी सांगितलं. गिरण, दगड, पट्टा, सगळं. म्हातारबाबा कानस खाली ठेवून ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर ते दुकानदाराला म्हणाले, “आरं, ह्यांच्या नुसत्या बोलण्यावरनं कळतंय सा कुठं हाय त्यो. तुला कसं कळंना? वरचा मोठा काढ.”

“बाबा, तो मर्दानी हाय,” दुकानदार म्हणाला. पुरुषांच्या खालच्या आवाजासाठी मोठ्या भोपळ्याचा तंबोरा करतात, त्याला ते मर्दानी म्हणतात.

“मग?” मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. भिंतीवरच्या सतारींच्या तारा झणझणल्या.

म्हातारबाबांनी तो मोठा तंबोरा माझ्यापुढं उभा केला. माझ्या डोक्याच्या वर गेला. “कुठं लावू?” त्यांनी विचारलं.

आता आली का पंचाईत! काळी चार सोडली तर मला कुठं पट्ट्यांची नावं ठाऊक? मला एकच सूर ठाऊक होता, आणि त्याला नाव नव्हतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली होती, कुणी कॉलेजातल्या मुली, त्या बघत होत्या. लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. मग मनात म्हटलं, लाजायला आपण मिरजेपर्यंत आलो नाही. मी डोळे मिटले, आणि मोटर सुरू होते, पट्टा चढतो, सूर धरला जातो, तसा तोंडानं गिरणीचा आवाज काढला. घूं करून. लांब.

कुणी हसलं असेल तर मला कळलं नाही. म्हातारबाबांनी माझ्या घुमण्याखाली खुंटी पिळत आणली, पिळत आणली आणि एका जागी थांबले. “काळी दोन,” ते म्हणाले. “स्वच्छ काळी दोन हाय, आक्का.” मग कानस घेऊन घासायला लागले. घासायचे, छेडायचे, पुन्हा घासायचे. मी कान लावून बसले. एकदा छेडलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आता भिडलं!”

ते थांबले. त्यांनी पुन्हा छेडलं आणि कानस बाजूला ठेवली. “आमाला हे कळायला धा-बारा वर्षं लागत्यात,” म्हणाले. दुकानदाराकडं बघून म्हणाले, माझ्याकडं नाही. आणि मला ते पुरस्कारासारखं वाटलं. वाटलं म्हणजे वाटलं, मी खोटा विनय करणार नाही.

मग मी गायले. आईची ओवी. पहिल्या शब्दाला आवाज थरथरला, दुसऱ्याला जागेवर आला. खर्जाची तार खाली अशी पसरली होती की वाटलं, पाय टेकले एकदाचे. कॉलेजच्या मुली दारातच उभ्या राहिल्या. दुकानदारानं कुणाचा तरी फोन कापला. एक ओवी म्हणून थांबणार होते, चार म्हटल्या. हे भोपळ्यावर तळहात ठेवून बसले होते, आणि त्यांच्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही.

दुकानदारानं तंबोऱ्याला बांधायला एक कार्ड काढलं. दुरुस्तीला पुन्हा आणला तर ओळख पटावी म्हणून. त्यानं लिहिलं, ‘तानपुरा, मर्दानी, काळी दोन’, आणि ह्यांना विचारलं, “काका, नाव?”

“नाव माझं लिही,” मी म्हटलं. “आणि ते मर्दानी खोड.”

“मावशी, ते साइजचं नाव हाय.”

“साइजचं नाव मोठा आसतं. मोठा लिही.”

म्हातारबाबा आतून म्हणाले, “लिही रं. मोठा.” त्यानं खोडलं आणि लिहिलं.

परतीच्या बसमध्ये तंबोरा चादरीत गुंडाळून आमच्या दोघांच्या मधे उभा केला होता. ह्यांचा चांगला कान माझ्या बाजूला. हे चादरीचं सुटलेलं टोक नीट खोचत होते. मग म्हणाले, “तुला एक सांगायचं राहून गेलंय.”

“काय?”

“मंडळात तुमी गाता ना, मला बाकीच्या बायका नुसत्या दिसत्यात. ऐकू येती ती तू एकलीच. मी येतो ते तेवढ्यासाठीच. पर त्या स्पर्धेत तू समोर उभी, तोंड उघडं, आणि मला कायबी ऐकू येईना. कायच न्हाई. मला वाटलं, हा कानबी गेला.”

मी तंबोरा जरा सरकवला आणि त्यांच्याकडं वळले.

“दुसऱ्या दिवशी पेन्शनच्या कामाला जातो सांगून डॉक्टरकडं गेलो हुतो. त्यांनी तपासलं, म्हणले, हाय तेवढा हाय, गेला न्हाई. मग मला काय उमगंना. तुला कसं इचारायचं? लय भ्यालो हुतो गं.”

मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मला तोंड हलवायला सांगितलं, आणि मी हलवलं, हे या माणसाला लाजेपोटी मी कधी सांगितलंच नव्हतं. भर बसमध्ये सांगितलं. माझ्या आवाजात म्हणजे पुढच्या चार सिटांना सांगितल्यासारखंच. हे ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, “पुन्हा तसं करू नगंस. माझ्यासाठी तरी.” मी म्हटलं, “तुमच्यासाठी न्हाई. माझ्यासाठी करणार न्हाई.” ते हसले. मग मीही हसले, पण डोळ्यांना पदर लावूनच.

पुढच्या गुरुवारी तंबोरा घेऊन मी देवळात गेले. त्यानंतर मंडळात दोन तट पडले, दोघी-तिघींनी माझ्याशी बोलणं सोडलं, काही जणी हळूहळू माझ्या बाजूला सरकून बसायला लागल्या, ते सगळं नंतरचं. त्या दिवशी सगळ्या एकीकडं होत्या आणि मी एकटी एकीकडं. मी चादर सोडली, तंबोरा उभा धरला आणि तारा जुळवल्या. पेटीवालीनं काळी दोन दाबून बघितली आणि तिला हसू आलं. अध्यक्षीणबाईंनी सगळ्यांकडं एकदा नजर फिरवली.

“काकू, एवढ्या खाली कोण गाणार?”

“मी,” म्हटलं, आणि तोंड उघडलं.